गडाचा उंबरा

जुईनगरची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटसाठी पाडली. काल तिथं ओल्या चुन्याचा वास आला आणि मला साताऱ्याकडचा, आमच्या गावावरचा गड आठवला.

लहानपणी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला तिथं नेलं होतं. इंग्रजांनी तोफा लावून पाडलेल्या दरवाजाच्या जागी नुसतं आभाळ होतं. तरी अण्णांनी गवतातल्या उंबऱ्याशी वहाणा काढल्या.

"अण्णा, इथं दारच नाही!" मी हसले.

"आपली माणसं हितं पहाऱ्याला असायची, पोरी. दार गेलं म्हणून उंबऱ्यावर पाय देतीस व्हय?"

आता अण्णा नाहीत. मार्केटात पोती वाहून त्यांनी घेतलेल्या घराचा उंबरा मी काल ढिगाऱ्यात शोधला. सापडला नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि तशीच उभी राहिले. आत कुठून जायचं?