स्वतःच्या दारातली पाटी

उपटेकाकांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त कागदोपत्री. एरवी ते उपटेच. नगरपालिकेची पिवळी गाडी कोपऱ्यावर थांबली आणि हातात टेप, बगलेत पहार घेऊन काका खाली उतरले, की समोरचा दुकानदार आतल्या बाजूला हाक मारायचा, "अगं, आपली पाटी आत घे आधी, उपटे आले!"

गावात पाट्यांचे नियम होते. घर विकायचं असेल तर एका घराला एकच पाटी, तीही कुंपणाच्या आत. कुंपण आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी गावाची, तिथे काही रोवायचं नाही. कोपऱ्यावरच्या घरांना आणखी एक जाच होता. पाटी कमरेच्या वर गेलेली चालायची नाही, कारण वळणावरून येणारी गाडी दिसत नाही. निवडणुकीच्या पाट्यांनाही हेच लागू, शिवाय मतदान झालं की आठवड्याच्या आत सगळे चेहरे आपापल्या घरी. घर विकलं गेलं तरी तसंच, आठवड्यात पाटी गायब.

काका हे नियम सगळ्यांना पाळायला लावत. त्यात कधी आपपरभाव केला नाही, सगळ्यांना सारखंच छळलं.

"काका, समोरच्याची पाटी दिसत नाही होय तुम्हाला?" एखादा उमेदवार तावातावाने यायचा. "माझंच तोंड खुपतं?"

"त्याचं तोंड सकाळीच उपटलंय. गाडीत आहे. बसता का त्याच्याशेजारी?"

पाटी उपटल्यावर मागे राहिलेला खळगा तसाच सोडणं मात्र त्यांना जमायचं नाही. गाडीत मातीची बादली असायचीच. माती भरायची, टाचेनं दाबायची, वर गवताची एखादी ढपली बसवायची. तसा नियम कुठेच नव्हता. "इथे काही उभं होतं हे कळता कामा नये," ते म्हणायचे. "कळलं तर काम अर्धंच झालं."

नेणारा कोणी आला नाही की त्या पाट्या काका घरी आणत. बायको खूश व्हायची. फडताळाच्या खणांत पाट्या, भिंतीला ओल यायची तिथे पाट्या, कोंबड्यांच्या खुराड्याला छप्पर म्हणून माजी नगराध्यक्ष. "लोकांनी पाडलेल्यांना माझ्याच घरी थारा," असं म्हणत ती एखाद्या हसऱ्या उमेदवाराच्या गालावर पिठाचा डबा ठेवायची. काका म्हणायचे, "अगं, निदान पालथा तरी घाल त्याला." ती म्हणायची, "राहू द्या हो. माझ्याशी हात जोडून वागणारा घरात तेवढा एकच आहे."

ती एका दुपारी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. लेक दूरच्या शहरात राहायची. ती पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता.

त्यानंतर काका त्या घरात एकटेच राहिले. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना न्हाणीघरात पाय घसरला. दूधवाल्याला आदल्या दिवशीची बाटली दारात तशीच दिसली, त्याने खिडकीतून डोकावलं, म्हणून निभावलं. दवाखान्यात लेक उशाशी बसून म्हणाली, "बाबा, घर विकू आणि तू माझ्याकडे ये." काकांच्या पायाला प्लास्टर होतं आणि तोंडाला कोरड होती. ते म्हणाले, "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते."

बोलायला बोलून गेले. पण पाय बरा झाला, कामावर रुजू झाले आणि एका सकाळी स्वतःच्याच दारात लाल पाटी दिसली, 'घर विकणे आहे'. ते कुंपणापर्यंत गेले. मग त्यांनी नीट पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. पाटी कुंपणाच्या बाहेर, गवताच्या पट्टीत होती.

इतक्या आनंदानं त्यांनी आयुष्यात दुसरी पाटी उपटली नव्हती.

लेकीने नेमलेला, घरं विकणारा एजंट दुपारी धापा टाकत आला. "काका, हे तुमचंच घर आहे ना?"

"मग? माझ्या घराला नियम वेगळा?"

एजंटने पाटी आत रोवली, पण दोन्ही रस्त्यांवरून दिसावी म्हणून दोन रोवल्या. एका घराला एकच. काकांनी दोन्ही काढल्या. "एक ठेवायची होती ना," एजंट कळवळला. "कुठली ठेवू? मी पक्षपात करत नाही," काका म्हणाले. मग एकच आली, ती खांद्याइतकी उंच. घर कोपऱ्यावरचं! तीही गेली. दर वेळी काका खळगा भरत आणि टाचेनं दाबत. संध्याकाळी बायकोच्या खुर्चीसमोर बसून म्हणत, "आज पण वाचलो गं."

निवडणुकीचे दिवस होते, गावभर चेहरेच चेहरे. त्यात काकांच्या दारातल्या पाटीचा खेळ लोकांना फुकटात मिळाला. दुकानदार विचारायचा, "काय उपटे, आज घर आहे का?" काका ऐटीत म्हणायचे, "आहे!"

अखेर एजंटने नगरपालिकेच्या ऑफिसात तक्रार केली. साहेबीणबाईंनी काकांना समोर बसवलं, चहा मागवला. तेव्हाच काकांना कळलं की बोलणं कडू असणार.

"नियमाप्रमाणेच उपटल्या ना हो मी?" त्यांनी आधीच विचारलं.

"अगदी नियमाप्रमाणे. पण काका, बाकीच्यांना आपण आधी सांगतो, की पाटी जरा आत घ्या, खाली करा. तुम्ही तुमच्या लेकीला सांगितलंत?"

काकांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत बसले.

रविवारी लेक आली. चपला काढायच्या आधी अंगणातूनच बोलायला लागली. "बाबा, मी एजंटला बोल बोल बोलले. म्हटलं, साधी पाटी लावता येत नाही तुम्हाला? आणि तो म्हणतो, मॅडम, तुमचे वडीलच उपटतात!"

"चुकीची लावली होती."

"टेप दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

तिने टेप घेतला. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती पिवळ्या गाडीत काकांच्या शेजारी बसून गावभर हिंडायची, टेपचं दुसरं टोक धरायची. हात विसरले नव्हते. कुंपणापासून मोजलं, वळणाकडून नजर टाकली, दांडकं कमरेला लावून पाहिलं आणि खालून कापलं. मग पहार घेऊन खणू लागली.

"शहरात राहून हात मऊ झाले तुझे," काका पायरीवरून म्हणाले. "फोड येतील."

"येऊ देत."

"घाई कसली एवढी? मी काय लगेच मरतोय?"

पहार थांबली. लेक वळली नाही. "आई गेली तेव्हाही मला कुठे घाई होती, बाबा? पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हणत होते. तू न्हाणीघरात किती वेळ पडून होतास, सांगशील खरं?"

"असेल थोडा वेळ."

"दूधवाला म्हणाला, ओठ निळे पडले होते. आता फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. ऑफिसातली माणसं हसतात मला. तुला घर राखायचंय ना? राख. पण मग मला सांग, मी रात्री झोपायचं कसं."

पायरीवरून काकांना आत स्वयंपाकघरातली खुर्ची दिसत होती. ती रिकामी ठेवण्यापुरतेच ते या घरात राहत होते. ती राखायची, तर ही जिवंत पोर रोज फोनकडे बघत बसणार.

लेकीने पाटी रोवली आणि मागे सरून पाहिलं. "घे. आता काढ चूक."

काका उठले. कुंपण, उंची, वळण, सगळं तपासलं. चूक नव्हती. पाटी फक्त डावीकडे जरा कलली होती आणि त्याला नियम नव्हता. त्यांना ती तशीच सोडता आली असती. वारा आला असता तर आपोआप पडलीही असती.

त्यांनी खाली वाकून दांडकं सरळ केलं. बादलीतली माती घातली आणि टाचेनं दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. लेक तोंडावर हात धरून रडत होती. "रडतेस काय," ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं धर. हलतेय अजून."

निवडणूक झाली, काकांनी गावभरचे चेहरे गोळा केले आणि निवृत्त झाले. घरही विकलं गेलं. सामान हलवताना फडताळातून पडलेले उमेदवार निघाले, गालांवर पिठाच्या डब्यांचे गोल डाग घेऊन. ते नेणार कुठे? लेकीच्या घरात ओलही नव्हती आणि खुराडंही. हात जोडलेला तो एकटा मात्र काकांनी कपड्यांच्या बोचक्यात गुंडाळला. खुर्ची ट्रकमध्ये चढली.

निघायच्या दिवशी लाल पाटी दारातच होती. एजंट विसरला होता आणि आठवडा सरत आलेला. काकांच्या जागी आता दुसरा माणूस होता, त्याने काढली असती. पण तो खळगे भरायचा नाही, ते काकांनी पाहिलं होतं.

त्यांनी पाटी उपटली. माती घातली, दाबली, कुंपणाच्या कडेची गवताची ढपली आणून बसवली, कडा बोटांनी मिटवल्या. मग कुंपणाबाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

लेक गाडीतून म्हणाली, "बाबा, झालं ना? कुठे होती रे ती पाटी?"

काकांनी दाखवायला हात उचलला. जमिनीवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. सगळीकडे सारखंच गवत होतं. त्यांनी हात तसाच खाली घेतला आणि गाडीत जाऊन बसले.