येणारं कुठलं?

“हे झालं आलेलं काम. येणारं कुठलं?” असं विचारताना मॅडम चष्मा केसांवर सरकवायच्या आणि मग तोच शोधत बसायच्या.

हिंजवडीजवळच्या आमच्या छोट्या कचेरीत धरणांत किती पाणी येईल, याचा अंदाज करणारं सॉफ्टवेअर आम्ही शास्त्रज्ञांसाठी लिहायचो. त्या आमच्या प्रमुख म्हणून येण्याआधी ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम आधी व्हायचं. फोन आला की सगळे हातातलं टाकून धावायचे. नांदेडच्या मॅडम दारात उभ्या राहून शांतपणे विचारायच्या, “काय करायलात सगळे?”

त्यांनी फोन घ्यायला पाळीपाळीने दोघांना बसवलं. बाकीच्यांनी फोनला हात लावायचा नाही. गुरुवारी वीज जायची, तेव्हा सगळ्यांना जिन्यात बसवून पुढे येणाऱ्या कामाचं बोलायच्या.

एकदा भर उन्हाळ्यात त्यांनीच शास्त्रज्ञांना फोन लावले. पावसाळ्यात काय बदलणार, म्हणून विचारलं. नवी पर्जन्यमापकं येणार, आकडे वेगळ्या रीतीने पाठवणार, हे तेव्हा कळलं. आम्ही तयारी केली. पाऊस लागला, आकडे आले, आणि फोन वाजेना. आम्ही धास्तावलो.

“वाजत नाही म्हणजे चाललंय,” म्हणाल्या आणि चहा मागवला.

त्या हिवाळ्यात त्यांनी जिन्यातलं बोलणं माझ्याकडे सोपवलं. स्वतः वरच्या पायरीवर शेंगा सोलत बसायच्या. अडखळलो तरी मदतीला यायच्या नाहीत. मला वाटलं, बढती मिळणार. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

उन्हं तापू लागली तेव्हा त्यांनी सांगितलं, नोकरी सोडून नांदेडला जातेय. आईची नजर गेली होती.

“तुम्ही आधीच ठरवलं होतंत?”

“आई काही एका दिवसात आंधळी होत नाही रे.”

“मग सांगायचं ना, मॅडम.”

“सांगितलं असतं तर शिकला असतास? माझ्याकडेच बघत बसला असतास.” मग म्हणाल्या, “मलाही ते सोसलं नसतं.”

रविवारी निरोप द्यायला जवळच्या जांबे गावात त्यांच्या खोलीवर गेलो. घरमालकीण काकू अंगण झाडत होत्या.

“सकाळच्याच गाडीनं गेल्या की. संध्याकाळी जानार व्हत्या, पन मानसं भेटाया येतील म्हनल्या, मग पाय निगायचा न्हाई.”

खोलीचं दार उघडंच होतं. दोरीवर चिमटे तेवढे राहिले होते. काकूंनी चहाला थांबवलं. मी थांबलो.