टेपचा दोष

सगळे तिला पावइंचबाई म्हणत. पाव इंच इकडचं तिकडे झालं, की शिवलेलं उसवून पुन्हा शिवायला बसायची. गिऱ्हाईक बिचारं "राहू द्या हो" म्हणत असलं तरी. वीस वर्षं मशीनवर गेलेली. रस्त्यानं जाणाऱ्याचे खांदेसुद्धा ती नजरेनं मोजायची.

त्या दुपारी मात्र पोटच्या पोरीचं माप तिला चुकल्यासारखं वाटलं.

पंधरा वर्षांची लेक युनिफॉर्मच्या मापासाठी आरशासमोर उभी होती. एक हात वर, दुसऱ्यात फोन. अंगठा चालूच.

"दोन्ही हात वर कर."

"मोज ना असंच."

"अगं, फोन काय पळून जातोय?"

तिनं कमरेला टेप लावली. वहीतलं मागच्या वर्षीचं माप बघितलं. पुन्हा लावली. अडीच इंच कमी.

"वन्सं, टेप बिघडलीय," ती कोपऱ्यात काजं करणाऱ्या नणंदेला म्हणाली. "जुनी टेप ताणून लांबते, मग माप कमी दाखवते."

"वहिनी, सकाळीच त्या टेपनं तीन पँटी कापल्यात तुम्ही."

"मग तिन्ही बिघडल्या असतील!"

चपला अडकवून ती तरातरा नाक्यावर गेली. डोक्यात कालचा वर्गशिक्षिकेचा फोन घुमत होता. मुलगी गप्प असते, काही खात नाही, शाळेच्या समुपदेशक बाईंना एकदा भेटा. 'डबा रोज रिकामा येतो घरी,' असं पावइंचबाईनंच वर त्यांना ठणकावलं होतं.

नवी टेप घेऊन धापा टाकत आली. लेकीच्या कमरेला लावली.

अडीच इंच कमी.

ती मशीनवर जाऊन बसली आणि पाय मारत सुटली. सुई सरळ रेषेत धावत होती.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "दोरा ओवला नाहीये."

कापडावर नुसती भोकं पडली होती. पावइंचबाई उठली, बसली, परत उठली. फोन हिसकावून घ्यावा? मागच्या महिन्यात कपाटात कोंडला होता, तर पोरगी तीन दिवस बोलली नव्हती.

ती लेकीशेजारी स्टूल ओढून बसली. "दाखव तरी काय बघतेस."

"तुला नाही कळणार."

"कपड्यातलं तर कळेल?"

पडद्यावर चौकड्यांच्या ड्रेसमधली एक मुलगी गिरकी घेत होती. कंबर मुठीत मावेल एवढी.

"थांबव. या चौकड्या बघ. खांद्याशी चौकोनी, कमरेशी चेंगरलेल्या. आणि मागचा दरवाजा तिथेच आत वाकलाय. कापडाचं सोड, दरवाजा कसा वाकेल?"

"दरवाजानंही जेवण सोडलं असेल," नणंद म्हणाली.

लेक फिस्सकन हसली. मग ते हसू कुठेतरी अडकलं.

"माहितीये मला, आई. सगळ्यांनाच माहितीये की ते खोटं असतं."

"मग?"

"तरी बघत राहते. थांबवलं की लगेच परत उघडते. डबा..." ती फोनकडे बघत म्हणाली, "डबा शाळेमागच्या कुत्र्याला घालते."

पावइंचबाईच्या जिभेवर दहा वाक्यं आली. सगळी टोचणारी. तिनं एकही बाहेर पडू दिलं नाही.

"समुपदेशक बाई पाचपर्यंत असतात. जाऊ या?"

"तू तिथे भांडशील."

"तू बोल. मी नुसती बसते."

"त्या फोन काढून घेतील?"

"नाही माहीत गं. खरंच नाही माहीत."

लेकीनं एक नख कुरतडलं. मग चपला शोधायला लागली.

"वहिनी, वहीत माप लिहायचं राहिलं!"

"राहू द्या हो," पावइंचबाई म्हणाली, आणि नणंद तिच्याकडे बघतच राहिली.

नाक्यापर्यंत लेकीनं तीनदा फोन खिशातून काढला, तीनदा परत ठेवला. चौथ्यांदा काढला तो आईच्या हातात कोंबला.

"धर. शाळेपर्यंतच हं."

"शाळेपर्यंतच," आई म्हणाली, आणि दोघी भराभर चालायला लागल्या. नवी टेप अजून आईच्या गळ्यातच लोंबत होती.