दिव्यावर देव चिकटवणारे अर्जुनराव

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अर्जुनराव, यांना मी तीस वर्षं ओळखते. त्यांच्याबद्दल चांगलं बोलावं असं मला एकदाच वाटलं होतं, ते त्यांच्या लग्नात. तेव्हा मी लहान होते.

माणूस दिसायला टापटीप. शर्टाला इस्त्री, खिशाला दोन पेनं, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा. कंपनीचं आयकार्ड गळ्यात घालून लग्नाच्या पंगतीला बसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तळवड्याच्या एका प्रेस शॉपमध्ये ते सुपरवायझर. तिथं लोखंडी पत्र्याचे तुकडे ठोकून गाड्यांचे भाग काढतात. तेवढ्यावर दाजी सांगत सुटायचे, "चाकणमधून बाहेर पडणाऱ्या निम्म्या गाड्या आमच्या हाताखालून जातात." गाडी म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं, ही त्यांची ठाम समजूत.

त्यांना कशाचा अभिमान होता तेही सांगते. पत्रा ठोकणाऱ्या त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली येते, म्हणजे माणसाचे हात आपोआप बाहेर राहतात. लहान पोरालाही पटेल अशी सोय. पण त्यात वेळ जातो. प्रॉडक्शन कमी पडायला लागलं की दाजी एका बटणावर पट्टी ठोकून ते कायमचं दाबून टाकायचे. मग कामगार एका हातानं बटण दाबणार आणि दुसऱ्या हातानं पत्रा सरकवणार. याला त्यांच्याकडे बायपास म्हणतात. साहेब लोकांना हे माहीत असतं, तपासणीला कोणी आलं की पट्टी निघते, ते गेले की पुन्हा बसते. "बायपास करावा तर अर्जुनरावांनी," असं कोणी म्हटलं की दाजींची मान ताठ व्हायची.

एकदा त्या प्रेसखाली किसन नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. त्या दिवशी मी आक्काकडेच होते. दाजी जेवायला बसले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "हात घातलाच कशाला त्यानं? डोळे फुटले होते?"

आक्कानं त्यांना आमटी वाढली. ती त्यांना कधीच उलटून बोलत नाही. त्यांची मुलगी निशिगंधा तेव्हा शाळेत होती. ती ताटावरून उठून गेली. दाजींनी तिच्या ताटातली भाजी स्वतःच्या ताटात ओढून घेतली.

तर अशा माणसानं गाडी घेतली. वाकडचा कुणी आयटीवाला परदेशी चालला होता, त्याची दहा वर्षं जुनी, हायब्रिड. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही चालते, कधी कशावर ते गाडीच ठरवते. आमच्या संत तुकाराम नगरात ती आली त्या दिवशी दाजींनी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायला सुरुवात केली. "आवाज ऐका," म्हणायचे, आणि आवाज तर काहीच नाही. शेजारच्या भिमाबाई बराच वेळ कान लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवं अर्जुनराव, ही चालू हाय का बंद?"

सगळे हसले. दाजींना ते लागलं.

पुढं काही महिन्यांत गाडीत स्टिअरिंगसमोर आकडे दिसतात त्या काचेमागं एक दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यानं साफ सांगितलं की मोठी बॅटरी संपत आली आहे, बदला, तोवर हायवेला काढू नका. दाजी घरी येऊन आम्हाला सांगायला लागले, "लुटायचे धंदे आहेत सगळे. तो दिवा म्हणजे सेन्सर. आणि सेन्सर खोटं बोलतो. मी जन्मभर सेन्सर बघितलेत."

दिवा काही विझेना. मग दाजींनी दुकानातून गणपतीचा गोल स्टिकर आणला आणि काचेवर बरोबर त्या दिव्यासमोर चिकटवला. गाडी मधूनच टूं टूं करायची, तो आवाज कुठून येतो ते शोधून ती जागाही चिकटपट्टीनं गच्च बंद करून टाकली.

मी सकाळ-संध्याकाळ देवापुढं दिवा लावते. देव लावून दिवा झाकायचा, हे मात्र मला नवीन होतं. मी तसं म्हटलंही. दाजी म्हणाले, "अगं, बाप्पा बघतोय ना आता!" देवाला कुठंही बसवावं, तो काही तक्रार करत नाही, हे अशा लोकांना फार सोयीचं पडतं.

हे सगळं चालून गेलं असतं. गाडी कॉलनीतल्या कॉलनीत फिरवून, भाजी आणून, दाजींनी मिरवलं असतं आणि आम्ही हसलो असतो. पण निशिगंधाला चाकणला नोकरी लागली. कंपनीची बस अगदी आमच्या चौकातून जाते. ती बसनंच जाणार होती.

"अर्जुनरावांची पोरगी बसच्या लाइनीत उभी राहणार?" दाजी म्हणाले. "दारात गाडी आहे. घेऊन जायची."

नाशिक रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. भोसरी सोडली की चाकणपर्यंत पुढं ट्रेलर, मागं कंटेनर, आणि मधल्या फटीत आपण. त्या फटीत ही पोरगी रोज जायला लागली.

पहिल्यांदा झालं ते कुरुळी फाट्याच्या अलीकडं. पाय दाबलेला आहे आणि गाडी जोरच घेत नाही. पळणारी गाडी बघता बघता बैलगाडीच्या चालीला आली. मागचे हॉर्न मारतायत. कशीबशी तिनं कडेला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली, आणि गाडी काही झालंच नाही अशी निघाली. घरी येऊन तिनं बापाला सांगितलं.

"पाय नीट ठेवत जा," दाजी म्हणाले. "गिअर नाही, क्लच नाही, तरी तुला जमेना. कमाल आहे बाई." मग किल्ली घेऊन खाली गेले, कॉलनीला दोन चकरा मारल्या आणि वर येऊन किल्ली टेबलावर टाकली. "बघ. लोण्यासारखी चालतीये."

दुसऱ्यांदा सगळंच गेलं. समोरचे आकडे विझले, स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा घट्ट. बऱ्याच वेळानं गाडी पुन्हा चालू झाली. त्या दिवशी ती स्वतःच्या घरी गेलीच नाही, माझ्याकडे आली. पाणी दिलं ते तिनं उभ्या उभ्याच संपवलं.

"मावशी, मागनं ट्रेलर आला ना, आरशात नुसती त्याची जाळी दिसत होती. त्याचं तोंड, बाकी काहीच नाही."

मी तिच्याबरोबर आक्काकडे गेले. आक्का म्हणाली, "त्यांना कोण सांगणार?" मी म्हटलं, मी सांगते. दाजी टीव्ही बघत होते.

"दाजी, गाडी दुरुस्त करा नाही तर विका. पोर मरायची राहिली आज."

"तुला काय कळतंय त्यातलं?" टीव्हीवरनं नजर न काढता ते म्हणाले. "गाडी आपोआप बंद पडत नाही. चालवणाऱ्याची चूक असते. डोळे उघडे ठेवावेत माणसानं."

किसनच्या बोटांच्या वेळचंच बोलणं. त्या माणसाकडं एवढीच चार वाक्यं आहेत, ती तो कुणालाही लावतो. परका कामगार असो की पोटची पोरगी.

"उलट असं करू," दाजी म्हणाले, "रविवारी सिद्धेशच्या साखरपुड्याला खेडला जायचंय. तुम्ही दोघी बसा गाडीत. मी चालवतो. दाखवतो तुम्हाला."

सिद्धेश त्यांचा पुतण्या. आक्का मदतीला आदल्या दिवशीच गेली होती. निशिगंधाला बापापुढं नाही म्हणवेना, आणि मला तिला एकटीला त्या गाडीत बसू देववेना. म्हणून मी बसले. ती पुढं बापाच्या शेजारी, मी मागं बापाच्या पाठीशी.

मोशी येईपर्यंत दाजी बोलत होते. ब्रेकवर पाय कसा हलका ठेवायचा, बायका कशा एकदम दाबतात. इंद्रायणीचा पूल ओलांडला, दाजींनी गाडी पार उजव्या बाजूला, दुभाजकाला लागून घेतली आणि एका टेम्पोच्या पुढं काढायला पाय दाबला. तिथंच ती गेली. आवाज मुळातच नव्हता, त्यामुळं गेल्याचंही कळलं नाही. फक्त समोरचं सगळं काळं झालं आणि दाजी बोलायचे थांबले.

गाडी थोडी घरंगळली आणि रस्त्यात उभी राहिली. दाजी गाडी चालू करायचं बटण दाबतायत, परत दाबतायत. धोक्याचे दिवेही लागेनात. मी मागं वळून पाहिलं. लांबून ट्रेलर येत होता. निशिगंधा म्हणाली होती तसंच, नुसतं तोंड. माझ्या तोंडात देवाचं नाव आलं ते अर्धंच आलं.

आणि दाजींनी दार उघडलं, उडी मारली आणि दुभाजकावर चढले. एका झटक्यात. साठीला आलेला, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारा माणूस! तिथं उभे राहून मग आम्हाला ओरडायला लागले, "उतरा! उतरा!"

निशिगंधाच्या बाजूनं गाड्या भरधाव चालल्या होत्या, तिकडचं दार उघडणं शक्यच नव्हतं. ती बापाच्या सीटवरून सरपटत बाहेर आली. दुभाजकावर गेली नाही. आधी माझं दार उघडलं, मला दंडाला धरून ओढलं आणि वर ढकललं. मग माझ्या खांद्यावरची लाल शाल ओढून घेतली आणि दुभाजकाच्या कडेकडेनं ट्रेलरच्या दिशेनं शाल फिरवत पळत सुटली. ट्रेलरवाल्यानं पाहिलं. कर्रर्र करत त्यानं गाडी डावीकडं काढली आणि जाताना खिडकीतून अशी शिवी घातली की बास. ती शिवी योग्य माणसाला लागावी एवढंच मी मनात म्हटलं.

ढाब्यावरची चार माणसं ढकलायला धावली. ढकलता येईना. वीज गेली म्हणून गाडी न्यूट्रलला पडेना आणि चाकं जागची हलेनात. शेवटी क्रेन आली. आम्ही जीपनं खेडला पोचलो.

तिथं दाजी मांडवात खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. "गाडी भर हायवेला बंद. पण आपण घाबरलो नाही. आधी दोघींना सुखरूप उतरवलं, मग ट्रॅफिक कंट्रोल केला."

"वा अर्जुनराव! तुम्ही होता म्हणून, राव," कुणीतरी म्हणालं.

निशिगंधा समोर ताट घेऊन उभी होती. ती बापाकडं बघत राहिली, मग ताटातला गुलाबजाम शांतपणे खाल्ला. मीही शुभकार्यात तोंड उघडलं नाही.

भोसरीच्या कुणा ओळखीच्या माणसाकडून दाजींनी गाडीत काहीतरी करून घेतलं. बॅटरी तीच. "सोमवारपासून ने," म्हणाले. निशिगंधा म्हणाली, "नाही, पप्पा." एवढंच. आणि बसला उभी राहिली. दाजींनी चार दिवस तोंड फुगवलं. पाचव्या दिवशी गाडी विकायला काढली.

विकायला काढली याचा अर्थ आम्हाला कळायला हवा होता. जी गाडी आपली पोरगी चालवणार नाही, ती दुसऱ्याच्या पोरीला द्यायची.

गिऱ्हाईक रविवारी सकाळी आलं. अजिंक्य नावाचा तरुण मुलगा, त्याची बायको मोनिका आणि कडेवर वर्षाचं बाळ. अजिंक्यलाही चाकणलाच जायचं असायचं. दाजींनी गाडी चकाचक पुसली होती.

"एकदम मेंटेन केलेली आहे," दाजी सांगत होते. "माझी मुलगीच वापरायची. लेडीज हँडलिंग, म्हणजे विचार करा."

मोनिका बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसून बघत होती. आक्का आणि मी दारात उभ्या होतो. निशिगंधा चहा घेऊन खाली आली, कप अजिंक्यच्या हातात दिला आणि बापासमोर म्हणाली, "ही चालता चालता बंद पडते. ब्रेक लागत नाही, दिवे लागत नाहीत. बॅटरी बदलायला सांगितली होती, बदललेली नाही. बाळाला घेऊन बसू नका यात."

मोनिका बाळासकट केव्हाच बाहेर आली होती.

दाजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "पोरगी जरा घाबरट आहे हो आमची."

अजिंक्यनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. तो निशिगंधाला म्हणाला, "हायवेला झालं? तुम्हाला लागलं नाही ना कुठं?"

निशिगंधानं हातातला ट्रे पायरीवर ठेवला. मग मान हलवून "नाही" म्हणाली. हे तिला तोवर घरात कुणी विचारलं नव्हतं. बापानं तर नाहीच.

ते लोक चहा संपवून, आभार मानून गेले. दाजी तडक माझ्यावर आले. "तू मोठी आहेस, तू तरी तिला आवरायचंस. घरच्याच माणसांनी असं केल्यावर..."

"दाजी," मी म्हटलं, "मी तोंड उघडलं असतं तर दुभाजकाचंही निघालं असतं."

आक्का माझ्याकडं वळली. "कुठला दुभाजक?"

 दाजींनी पायरीवरचे रिकामे कप गोळा केले आणि आत नेले. तीस वर्षांत त्या घरात त्यांना कप उचलताना मी पहिल्यांदा पाहिलं. निशिगंधा आईशेजारी पायरीवर बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. आत बराच वेळ नळ वाहत होता.