नवरीची मुंडावळी उसवली

मंडळी, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

उद्या सकाळी इथे बंगळूरजवळ आनेकलला माझ्या नातीचं, मुक्ताचं लग्न. मोत्यांच्या मुंडावळ्या मीच ओवल्या. मला कुणी शिकवलं नाही, एक जुनं तोरण उसवून शिकले. कालच कुंकू लावून देवापुढे ठेवल्या.

आज दुपारी केर काढताना चटईखाली एक मोती सापडला. झालं, जिवाला घोर! हा उरलेला की सुटलेला? प्रत्येक सर ओढून पाहिला. शेजारच्या शांताक्का, मूळच्या बेळगावकडच्या, म्हणाल्या, "स्वल्प गप्प बसा हो अक्का, ओढून ओढून तुम्हीच तोडाल."

बसवेना. चष्मा लावून पाहिलं, तर नवरीच्या मुंडावळीच्या टोकाला दोरा मोत्यांतून परत फिरवायचाच राहिलेला. सगळा सर नुसत्या गाठीवर लटकत होता. ऐन अंतरपाटापाशी सुटला असता तर? पण देवापुढची वस्तू उसवायची कशी?

शेवटी हात जोडले आणि कात्री लावली. मोती ताटात पसरले, पण सुईत दोरा काही जाईना.

मुक्ताने मेंदीच्या हातांनी सुई काढून घेतली. "आजी, मी ओवते. तू शांताक्कांना चहा कर, तेवढीच इथून हलशील."

नवरीने स्वतःची मुंडावळी ओवलेली तुमच्याकडे चालते का हो? नाही म्हणालात तरी उपयोग नाही. अर्धी झालीसुद्धा, आणि पोरगी प्रत्येक टोकाला दोरा परत फिरवतेय.