हरवलेला अनुस्वार

हळदीच्या गाण्यांवरचा माझा प्रबंध पारूमावशींनी देवघरात ठेवलाय, वर हळदकुंकू वाहिलंय. त्यातली बरीच गाणी त्यांनीच मला सांगितलेली. परवा त्या गाता गाता ‘साज येई दारी’ म्हणाल्या आणि मी दचकले.

“मावशी, सांज ना?”

“नाय गं. सुनेनं वाचून दाखवलं. तुझ्या पुस्तकात साज हाय. आमीच इतकी वर्सं चुकीचं म्हणत व्हतो.”

अनुस्वार माझ्याकडून राहिला होता. एवढ्याशा टिंबाबरोबर अख्खी संध्याकाळ गेली. मी तीनदा सांगितलं, पण छापलेलं चुकतं हे त्यांना पटेचना. तेव्हापासून पानं तपासतेय. आणखी काय काय पुसलंय मी?

उद्या त्यांच्या नातीची हळद. साऱ्याजणी त्यांच्यामागून ‘साज’च म्हणतील, आणि त्यांच्यात मीही बसलेली असेन.