व्हेटिंगवाला घरी येऊन गेला

चार इमिग्रेशन ऑफिसर एकत्र बसले की पॅसेंजरांच्या गोष्टी निघत असतील, असं लोकांना वाटतं. पण आमच्या एअरपोर्टच्या कँटीनमध्ये आधी निघायच्या त्या व्हेटिंगच्या. दुसऱ्यांची चौकशी करायची नोकरी मिळण्याआधी आमच्या प्रत्येकाची चौकशी झालेली, तेच व्हेटिंग. सरकारी माणूस घरमालकाला, शेजाऱ्यांना, नातेवाइकांना भेटून आमची माहिती काढून गेलेला. त्यामुळे ज्याच्याकडे किस्सा नाही असा कुणी नव्हताच, आणि दरवर्षी नवी भरती झाली की भर पडायचीच.

*

कॉलिन एडिनबराचा. भाड्याच्या खोलीत राहायचा. व्हेटिंगवाल्यानं त्याच्या घरमालकिणीला विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"फार चांगला," ती म्हणाली. "त्याला भेटायला कधी कुणी येत नाही. फोन वाजत नाही. ख्रिसमसलासुद्धा खोलीतच होता."

साहेब खूश. कॉलिन पास.

"एकटेपणालाही मार्क असतात, हे मला तेव्हा कळलं," असं कॉलिन सांगायचा. आम्ही हसायचो. तो हसायचा नाही.

*

एकदा अफवा उठली की खोटं पकडायचं मशीन येणार. अंगाला वायरी बांधून प्रश्न विचारणार, खोटं बोललात की सुई हलणार. अमेरिकेत म्हणे असंच करतात. सगळ्यांची जेवणं थांबली.

जॉर्ज आमचा सीनियर, रिटायरमेंटला आलेला. तो शांतपणे सँडविच खात होता.

"माझी सुई नाही हलायची," तो म्हणाला. "रोज लोकांना सॉरी म्हणून परत पाठवतो. त्यातलं खरं सॉरी कुठलं, ते आता मलाच कळत नाही."

मशीन काही आलं नाही. जॉर्ज त्याच वर्षी रिटायर झाला.

*

नंदिनी मेडनहेडच्या मराठी डॉक्टरांची मुलगी. तिला इंटरव्ह्यूत विचारलं होतं, "तुमची मावशी तुमच्याच काउंटरला आली तर?"

"मी बाजूला होईन. दुसऱ्या ऑफिसरला बोलावीन."

उत्तर बरोबर होतं. पुढे मावशी खरंच आली. नंदिनी बाजूला झाली. दुसऱ्या ऑफिसरनं मावशीला विचारलं, "किती दिवस राहणार?"

मावशी कौतुकानं म्हणाली, "आमच्या नंदूचं लग्न ठरेपर्यंत."

पुढच्या फ्लाइटनं मावशीला परत पाठवलं. तोवर नंदिनी कँटीनमध्ये गार झालेल्या चहासमोर बसून होती. घरी गेल्यावर आईनं विचारलं, "तू तिथंच होतीस?"

"हो."

"भेटलीस तिला?"

"नाही. अलाउड नाही."

आईनं ताट वाढलं. "नियमानं वागलीस," ती म्हणाली. "जेव आता."

मावशीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

*

माझं व्हेटिंग नव्वदच्या दशकात, नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा झालं. बाबा गेले होते, आई लेस्टरला माझ्या धाकट्या बहिणीकडे, वैशालीकडे राहायची. आईचं इंग्लिश कच्चं, म्हणून व्हेटिंगवाला घरी आला तेव्हा वैशालीनं दुभाष्याचं काम केलं. वैशाली इथंच जन्मलेली, तिचं मराठी कच्चं. तरी सगळं नीट पार पडलं, मी पास झालो.

आई गेल्यावर आम्ही दोघं तिचं कपाट आवरत होतो. वैशाली मध्येच थांबली.

"दादा, त्या माणसाला मी एक आन्सर चुकीचा ट्रान्सलेट केली होती. मुद्दाम."

"कुठलं?"

"त्यानं विचारलं, तुमचा मुलगा तुमच्याशी कधी खोटं बोलतो का? मी सांगितलं, नो, नेव्हर."

"आणि आई काय म्हणाली होती?"

वैशालीनं हातातल्या साडीची घडी पुरी केली.

"म्हणाली, बोलतो की, दर रविवारी. मी फोनवर विचारते, बरा आहेस ना रे? तर म्हणतो, मजेत आहे."